ग्राइंडरचा क्रम लेथवर ठरतो: एका वर्कशॉपच्या आठवड्याचे नियोजन

प्रस्तुत प्रकरण तीन यंत्रे आणि सहा जॉब असलेल्या एका छोट्या वर्कशॉपमधील एका आठवड्याचे आहे. ते अभ्यासासाठी रचलेले असून, कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या वाचकाला प्रत्येक आकडा स्वतः पडताळता यावा अशा बेताने त्यातील तास घेतले आहेत. परिस्थिती मात्र मशीन शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल: लेथ दिवसभर चालू, ग्राइंडरपुढे जॉबचा ढीग, आणि सर्वांत लहान काम सर्वांत उशिरा डिस्पॅचला.

वर्कशॉपमध्ये एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे. आठ तासांची एकच शिफ्ट चालते, म्हणजे पाच दिवसांचे चाळीस तास होतात. पुढील विवेचनात वेळ पहिल्या दिवशीच्या सकाळपासून सलग तासांत मोजली आहे, त्यामुळे १६ म्हणजे दुसऱ्या दिवसाची अखेर आणि ३२ म्हणजे चौथ्या दिवसाची. प्रत्येक जॉब डावीकडून उजवीकडे, म्हणजे लेथ, मिलिंग, ग्राइंडर याच दिशेने सरकतो, पण प्रत्येकाला तिन्ही यंत्रे लागतातच असे नाही. रोलरचे लेथकाम बाहेरून होऊन आले आहे, फ्लँजला ग्राइंडिंग नाही, बुश आणि पिन यांना मिलिंग नाही. खालील तासांत सेटिंगचा वेळ धरलेला आहे.

| जॉब | लेथ | मिलिंग | ग्राइंडर | केव्हापर्यंत द्यायचा |
|---|---|---|---|---|
| शाफ्ट | ८ | ४ | १० | ३२ |
| फ्लँज | ५ | ६ | – | ३२ |
| रोलर | – | ७ | ९ | ३२ |
| बुश | ३ | – | ६ | २४ |
| स्पिंडल | ९ | ३ | ८ | ४० |
| पिन | २ | – | ४ | १६ |

एका यंत्रावर एका वेळी एकच जॉब चढतो आणि चढवलेला जॉब अर्धवट उतरवला जात नाही. माल आधीच योग्य कठीणतेचा घेतलेला असल्यामुळे लेथ आणि ग्राइंडर यांच्या मध्ये हीट ट्रीटमेंट नाही. ती असती तर भट्टीच्या फेऱ्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागला असता.

चालत आलेली पद्धत

लेथवरचा क्रम आतापर्यंत लेथच्याच सोयीने लागत आला आहे. शाफ्ट आणि स्पिंडल हे दोन्ही लांब जॉब असून त्यांना स्टेडी रेस्ट, म्हणजे लांब जॉबला मध्ये दिलेला आधार, लावावी लागते. एकदा बसवलेल्या स्टेडीवर दोन्ही उरकून घ्यावेत आणि किरकोळ कामे मागाहून घ्यावीत, हा फोरमनचा विचार लेथपुरता अगदी रास्त आहे. त्यामुळे लेथवर शाफ्ट, स्पिंडल, फ्लँज, बुश, पिन असा क्रम लागतो आणि लेथ शून्यापासून २७ व्या तासापर्यंत एक क्षणही थांबत नाही. मिलिंगवर रोलर पहिल्यापासून हजर असतो, म्हणून तो ० ते ७ होतो. नंतर शाफ्ट ८ ते १२, स्पिंडल १७ ते २० आणि फ्लँज २२ ते २८. ग्राइंडरवर जो आधी आला त्याला आधी घ्यायचे, असा रिवाज आहे: रोलर ७ ते १६, शाफ्ट १६ ते २६, स्पिंडल २६ ते ३४, बुश ३४ ते ४०, पिन ४० ते ४४.

पिनचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. तिच्यावर एकूण काम सहा तासांचे. ती २५ तास लेथच्या बाजूला पडून राहिली, दोन तासांत टर्निंग होऊन निघाली, ग्राइंडरपुढे आणखी १३ तास थांबली आणि चार तास ग्राइंडिंग होऊन ४४ व्या तासाला सुटली. सहा तासांच्या कामासाठी ३८ तासांची प्रतीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी द्यायचा माल सहाव्या दिवशी दुपारी गेला. बुशही १६ तास उशिरा गेले. उरलेले चार जॉब वेळेवर गेले, आणि लेथच्या लॉगबुकमध्ये तर हा आठवडा आदर्शच दिसला असता.

अशा वेळी दोष ग्राइंडरच्या ऑपरेटरवर जातो, कारण ढीग त्याच्यापुढे दिसतो. त्याने निवड शहाणपणाने केली असती तर काय झाले असते? २६ व्या तासाला शाफ्ट उतरला तेव्हा त्याच्यासमोर स्पिंडल आणि बुश हे दोनच जॉब होते, कारण पिन अजून लेथवर होती. त्याने बुश आधी घेतला असता, मग पिन आणि शेवटी स्पिंडल, तर बुश ३२ ला, पिन ३६ ला आणि स्पिंडल ४४ ला सुटला असता. म्हणजे बुशचा उशीर आठ तासांवर आणि पिनचा वीस तासांवर आला असता, पण वेळेवर जाणारा स्पिंडल चार तास उशिरा गेला असता, आणि आठवडा ४४ लाच संपला असता. जो जॉब समोर आलेलाच नाही, त्याची निवड करता येत नाही.

आठवड्याची खालची मर्यादा

क्रम बदलण्यापूर्वी एक बेरीज करून ठेवणे फायद्याचे असते. लेथवर एकूण २७ तासांचे काम आहे, मिलिंगवर २० आणि ग्राइंडरवर ३७. ग्राइंडर हा या आठवड्याचा बॉटलनेक, म्हणजे सर्वांत जास्त काम असलेले अडथळ्याचे ठिकाण आहे, हे सांगायला यापेक्षा जास्त गणित लागत नाही. ग्राइंडरकडे सर्वांत लवकर पोहोचू शकणारा जॉब पिन असून तीही दोन तासांनी. म्हणून २ आणि ३७ मिळून ३९ तासांच्या आत हा आठवडा कोणत्याही क्रमाने संपणार नाही. चालू पद्धत ४४ घेते. या पाच तासांचा हिशेब सरळ आहे: ग्राइंडर दोनऐवजी सात तास रिकामा थांबला, आणि तो थांबला याचे कारण लेथने पहिले १७ तास दोन लांब जॉबमध्ये घालवले.

अशी खालची मर्यादा काढण्याची सवय फार कमी ठिकाणी दिसते, हे आश्चर्याचे आहे. ती माहीत नसली की ४४ तास वाईट आहेत की अपरिहार्य, हेच कळत नाही आणि सगळी चर्चा ओव्हरटाइमकडे वळते.

सर्वांत लहान काम आधी

पहिली सुधारणा म्हणून प्रत्येक यंत्रावर समोर असलेल्यांपैकी सर्वांत कमी वेळाचे काम आधी घेण्याचा नियम लावून पाहू. एकाच यंत्रापुरते पाहिले तर हा नियम सर्व जॉबचा सरासरी पूर्णतावेळ, म्हणजे सुरुवातीपासून जॉब सुटेपर्यंतचा वेळ, किमान करतो. डब्ल्यू. ई. स्मिथ यांच्या १९५६ च्या निबंधात त्याचे भारांसह, म्हणजे प्रत्येक जॉबचे महत्त्व धरणारे रूप मांडलेले आहे. त्यानुसार लेथवर पिन ० ते २, बुश २ ते ५, फ्लँज ५ ते १०, शाफ्ट १० ते १८ आणि स्पिंडल १८ ते २७ असा क्रम येतो. मिलिंगवर रोलर ० ते ७, फ्लँज १० ते १६, शाफ्ट १८ ते २२, स्पिंडल २७ ते ३०. ग्राइंडरवर पिन २ ते ६, बुश ६ ते १२, रोलर १२ ते २१, मग एक तास रिकामा, शाफ्ट २२ ते ३२ आणि स्पिंडल ३२ ते ४०.

सहाही जॉब वेळेत बसले. पूर्णतावेळांची सरासरी ३१.३ तासांवरून २१.२ वर आली. पण शाफ्ट आणि स्पिंडल नेमके मुदतीच्या क्षणी सुटले, त्यांच्याकडे एका मिनिटाचीही सवड उरली नाही. शिवाय ग्राइंडर २१ ते २२ रिकामा का राहिला, हे पाहिले पाहिजे. लेथवर फ्लँज लहान म्हणून शाफ्टच्या पुढे गेला. फ्लँज ग्राइंडरकडे जाणारच नव्हता, पण लेथपाशी बसून फक्त लेथचे तास मोजणाऱ्या नियमाला जॉब पुढे कुठे जातो हे दिसत नाही. तारखा पाळल्या गेल्या त्याही योगायोगाने, कारण या आठवड्यात लहान जॉबच्याच तारखा जवळच्या होत्या.

ग्राइंडरपासून मागे

आता विचाराची दिशा उलटी करू. आधी ग्राइंडरवरचा क्रम ठरवायचा आणि तो साधेल असा लेथचा क्रम मागे जाऊन लावायचा.

यासाठी एक जुने आणि भरवशाचे साधन आहे. सर्व जॉब एकाच क्रमाने दोन यंत्रांवरून जात असतील, तर एकूण वेळ किमान करणारा क्रम एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये दिला. शिल्लक वेळांपैकी सर्वांत लहान वेळ शोधायचा. तो पहिल्या यंत्राचा असेल तर त्या जॉबला पुढची मोकळी जागा द्यायची, दुसऱ्या यंत्राचा असेल तर मागची, आणि हेच शेवटपर्यंत करायचे. आपल्याकडे यंत्रे तीन आहेत, त्यामुळे या नियमाची हमी येथे लागू होत नाही. तीन यंत्रांच्या अशा प्रश्नासाठी झटपट आणि हमखास उत्तर देणारी रीत मिळण्याची आशा फारशी नाही, हे गॅरी, जॉन्सन आणि सेठी यांनी १९७६ मध्ये दाखवले. हे जॉन्सन वेगळे, पहिल्या जॉन्सनांशी त्यांची गल्लत अनेकदा होते. पण हमी नसली तरी अंदाज म्हणून नियम वापरायला हरकत नाही. लेथ आणि मिलिंग यांचे तास एकत्र करून त्याला पहिले यंत्र मानले, तर शाफ्टचे तास १२ आणि १०, रोलरचे ७ आणि ९, बुशचे ३ आणि ६, स्पिंडलचे १२ आणि ८, पिनचे २ आणि ४ होतात. नियम लावल्यावर पिन, बुश, रोलर, शाफ्ट, स्पिंडल असा क्रम निघतो. जे जॉब ग्राइंडरकडे लवकर पोहोचतात ते आधी, आणि ज्यांना पोहोचायला वेळ लागतो ते मागे, हा त्यातला साधा आशय आहे.

हा क्रम साधण्यासाठी लेथवर पिन ० ते २, बुश २ ते ५, मग थेट शाफ्ट ५ ते १३, त्यानंतर फ्लँज १३ ते १८ आणि स्पिंडल १८ ते २७. मिलिंगवर रोलर ० ते ७, शाफ्ट १३ ते १७, फ्लँज १८ ते २४, स्पिंडल २७ ते ३०. ग्राइंडर २ ला सुरू होतो आणि मग थांबतच नाही: पिन ६ ला, बुश १२ ला, रोलर २१ ला, शाफ्ट ३१ ला आणि स्पिंडल ३९ ला सुटतो. खालची मर्यादा ३९ होती, म्हणजे एकूण वेळेच्या कसोटीवर याहून चांगला क्रम असूच शकत नाही. आधीच्या नियमाशी तुलना करता फरक केवळ फ्लँज आणि शाफ्ट यांच्या अदलाबदलीचा आहे.

येथे लेथवर ५! म्हणजे १२०, मिलिंगवर २४ आणि ग्राइंडरवर १२० क्रम शक्य आहेत, आणि सर्व जॉब एकाच दिशेने जात असल्याने त्यांचे कोणतेही मिश्रण चालते; म्हणजे एकूण ३,४५,६०० पर्याय. संगणक ते क्षणात तपासतो. पण दहा जॉब आणि दहा यंत्रे झाली की पर्यायांची वरची मर्यादा दहाच्या क्रमगुणिताचा दहावा घात, म्हणजे ६६ अंकी संख्या होते. म्यूथ आणि थॉम्प्सन यांच्या १९६३ च्या संपादित ग्रंथात छापलेले याच आकाराचे एक उदाहरण अभ्यासकांना फार वर्षे पुरले. त्याचे एकूण वेळेचे ९३० हे उत्तर सर्वोत्तम आहे याची सिद्धता कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारे संगणक-प्रोग्राम, ते उदाहरण सहज सोडवतात. तरीही बॉटलनेक ओळखून मागे जाण्याची पद्धत उपयोगी राहते, कारण क्रम तसाच का, हे तिच्या आधारे फोरमनला समजावून सांगता येते.

एक तारीख बदलते

आठवडा सुरू होण्याआधी शाफ्टच्या ग्राहकाने माल चौथ्याऐवजी तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस, म्हणजे २४ ला मागितला, असे समजू. वरच्या योजनेत शाफ्ट ३१ ला सुटतो.

ज्याची तारीख जवळ त्याला आधी घेण्याचा नियम येथे आपोआप आठवतो. एका यंत्रावर तो सर्वांत मोठा उशीर किमान करतो, हे जॅक्सन यांनी १९५५ मध्ये सिद्ध केले. पण १२ व्या तासाला बुश उतरतो तेव्हा ग्राइंडरपुढे फक्त रोलर असतो आणि शाफ्ट अजून लेथवरच असतो. त्यामुळे नियम कोणताही असो, ग्राइंडर रिकामा न ठेवता पुढे जायचे तर रोलरच चढतो आणि शाफ्ट ३१ लाच सुटतो. ग्राइंडर मुद्दाम पाच तास थांबवला तर शाफ्ट १७ ते २७ होतो, तरीही तीन तास उशिराच, आणि त्यामागे रोलर व स्पिंडल प्रत्येकी चार तास मागे पडतात. शाफ्टला लेथवर बुशच्या पुढे घातले तर तो १४ ला ग्राइंडरकडे पोहोचतो. तोवर रोलर ७ ते १६ चढलेला असतो, म्हणून शाफ्ट २६ ला सुटतो आणि बुश ३२ ला, म्हणजे आठ तास उशिरा. पिन झाल्यावर ग्राइंडर आठ तास रिकामा ठेवला तर शाफ्ट नेमका २४ ला देता येतो, पण मग बुश, रोलर आणि स्पिंडल या तिघांच्याही तारखा चुकतात.

क्रमाच्या अदलाबदलीने काम भागत नाही, तेव्हा लॉटकडे पाहावे लागते. शाफ्ट म्हणजे एक वस्तू नसून दहा नगांचा लॉट आहे, आणि दहाही नग लेथवर होईपर्यंत पहिला नग मिलिंगकडे न्यायचा नाही, असे कोणत्याही यंत्राचे म्हणणे नाही. ती केवळ ट्रॉली भरूनच हलवण्याची सवय आहे. जॉब कार्ड एक, म्हणून लॉटही एकगठ्ठा, अशी समजूत त्यामागे असते. लॉटचे पाच-पाच नगांचे दोन भाग केले तर पहिला भाग लेथवर ९ ला संपतो, मिलिंगवर ९ ते ११ होतो आणि ११ ला ग्राइंडरपाशी असतो. दुसरा भाग लेथवर १३ ला, मिलिंगवर १५ ला संपतो. ग्राइंडर १२ ला मोकळा होताच पहिला भाग १२ ते १७ आणि दुसरा १७ ते २२ होतो. नंतर रोलर २२ ते ३१ आणि स्पिंडल ३१ ते ३९.

आता पिन ६, बुश १२, शाफ्ट २२, फ्लँज २४, रोलर ३१ आणि स्पिंडल ३९ ला सुटतात. सर्व तारखा पाळल्या जातात, आठवडा ३९ लाच संपतो आणि ग्राइंडर मध्ये कुठेही थांबत नाही. सेटिंगचा वेळ लॉटच्या सुरुवातीला जात असल्याने पहिला भाग अगदी निम्म्या वेळात होणार नाही, ही शंका बरोबर आहे. पण मिलिंग ७ ते ९ रिकामे असल्याने त्याचे सेटिंग आधीच करून ठेवता येते, ११ ते १३ या काळात तेथे दुसरे काम नसल्याने ते मोडावेही लागत नाही, आणि ग्राइंडरपाशी पोहोचायला एक तासाची सवड आहे. सरासरी पूर्णतावेळ २२.३ तास येतो, म्हणजे लहान काम आधी घेण्याच्या नियमापेक्षा तासभर जास्त. मात्र त्या नियमाने शाफ्ट आठ तास उशिरा गेला असता. सरासरी हवी की तारीख, हे गणिताने ठरत नाही. ते आधी ठरवून मग गणिताला बसावे लागते.

लेथवरचा आक्षेप

लेथच्या ऑपरेटरचा आक्षेप ठरलेला असतो: स्टेडी दोनदा लावायला लावता, त्यात वेळ जातो. हा आक्षेप आकड्यांनी तपासावा. शाफ्टमागे लगेच स्पिंडल घेतला तर ४० मिनिटे वाचतात असे धरू. जुन्या पद्धतीत ही बचत मिळाल्याने स्पिंडल, बुश आणि पिन ग्राइंडरपाशी ४० मिनिटे आधी आले असते. पण ते आले तेव्हा ग्राइंडर दुसऱ्याच जॉबमध्ये अडकलेला होता, म्हणून आठवडा ४४ लाच संपला असता. नव्या योजनेत तसे केले तर फ्लँज लेथवरून २६ तास २० मिनिटांनी उतरतो, त्याचे मिलिंग ३२ तास २० मिनिटांनी संपते आणि तो वीस मिनिटे उशिरा जातो. स्पिंडल लवकर तयार झाला तरी ग्राइंडर त्याला ३१ च्या आधी घेऊ शकत नाही. त्यामुळे लेथवर वाचलेली ४० मिनिटे स्पिंडल ग्राइंडरपुढे पडून राहण्यात जातात.

दोन तासांचा बिघाड कुठे झाला यावरही हेच अवलंबून आहे. लेथ ६ ते ८ बंद पडला तर शाफ्टचा पहिला भाग १३ ला ग्राइंडरपाशी येतो, ग्राइंडर एक तास थांबतो, आणि शाफ्ट २३, फ्लँज २६, रोलर ३२ व स्पिंडल ४० ला सुटतात. एकही तारीख चुकत नाही. तोच दोन तासांचा थांबा १२ ते १४ मध्ये ग्राइंडरवर आला, समजा चाक बदलून बॅलन्सिंग करावे लागले, तर शाफ्ट कसाबसा २४ ला निघतो, पण रोलर ३३ ला आणि स्पिंडल ४१ ला जातो, दोघेही एकेक तास उशिरा. म्हणून ओव्हरटाइम द्यायचाच तर तो ग्राइंडरवर द्यावा, जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस ठेवायचा तर ग्राइंडरवर ठेवावा, आणि तपासणीत नाकारले जाणारे नग ग्राइंडरवर चढण्याआधीच बाजूला काढावेत, कारण खराब नगावर घालवलेला तिथला तास परत मिळत नाही.

राहतो प्रश्न लेथच्या रिकाम्या वेळेचा. २७ ते ३९ असे बारा तास लेथला या आठवड्याचे काम नाही. रिकामे मशीन पाहून पुढच्या आठवड्यातला हाताशी येईल तो जॉब लावणे सोपे आहे, आणि सर्वत्र तेच होते. परिणामी ग्राइंडरपुढे असा माल साचतो की ज्याची तारीख दूर आहे आणि ज्याने ट्रॉल्या व जागा अडवल्या आहेत. या बारा तासांत लेथने पुढच्या आठवड्यातला ग्राइंडरकडे लवकर पोहोचू शकणारा एक जॉब तयार करून ठेवावा, म्हणजे स्पिंडल ३९ ला उतरताच ग्राइंडरवर तो चढेल आणि पुढच्या आठवड्याच्या आरंभी दोन तास रिकामे जाणार नाहीत. उरलेल्या वेळात फ्लँजसारखी ग्राइंडर न लागणारी कामे घ्यावीत, मात्र मिलिंग २७ ते ३० स्पिंडलसाठी मोकळे ठेवून, कारण त्या काळात मिलिंग तासाभराहून अधिक वेळ दुसऱ्या जॉबवर अडकले तर स्पिंडल ग्राइंडरकडे ३१ नंतर पोहोचेल.